रस्त्याच्या तोंडापासून ३४० मीटर

फ्रान्समधल्या बँकेने मावशी-काकांची खातं उघडायची फाइल दुसऱ्यांदा परत पाठवली ती ११ डिसेंबर २०२३ ला. कारण एका ओळीचं होतं: दिलेला पत्ता अस्तित्वात नाही. त्या पत्त्यावर दोघं सत्तर दिवस राहत होती. मी फोनवरून पत्र वाचून दाखवलं तेव्हा काका शेगडीत ओंडका सारत होते आणि मावशी पुण्याहून आणलेल्या ज्वारीच्या पिठाची शेवटची भाकरी थापत होती. "म्हणजे आम्ही नाहीच म्हणायचं का?" एवढंच ती म्हणाली.

फ्रान्सच्या खेड्यात वर्षभर राहायला निघालेल्या माणसाला जो तो दोनच गोष्टी सांगतो: भाषा शिक आणि गरम कपडे घे. या दोघांनी दोन्ही केलं होतं. मावशीने पुण्यात फ्रेंचचे वर्ग केले, काकांनी लोकरीचे मोजे डझनाने घेतले. भाषेने फारसं अडलं नाही, थंडीनेही नाही. अडलं ते पत्त्याने. म्हणून हे प्रकरण मुख्यतः पत्त्याचं आहे. चीज आणि सूर्यास्त जेवढ्यास तेवढे.

काका ६७ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त. मावशी ६४ची, शाळेत मराठी शिकवायची. मी दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझ शहरात नोकरी करते. माझ्याकडे दोन खोल्या, चौथा मजला. वर्षभर इथेच या म्हटल्यावर मावशी म्हणाली, "तुझ्याकडे आठ दिवस येऊ. वर्षभर राहिला की पाहुण्याचा भाडेकरू होतो." मग भाडेकरूच व्हायचं ठरलं. माझ्या ऑफिसातल्या एकाला आत्याचं घर वारशाने मिळालं होतं, ते रिकामं पडून होतं. भाडं महिना ४५० युरो, सामानासकट.

गाव लॉत जिल्ह्यात, काजार्कच्या वरच्या चुनखडीच्या पठारावर. या पठारांना तिकडे कॉस म्हणतात. काजार्क खाली नदीकाठी, डॉक्टर, औषधांचं दुकान, शनिवारी बाजार सगळं तिथे. त्याहून मोठं काही हवं तर फिझाक, रोझेटा शिलालेखावरची प्राचीन इजिप्तची चित्रलिपी उलगडणाऱ्या शाँपोल्योंचं जन्मगाव. वरच्या आमच्या गावात १८० माणसं, चर्च, कचेरी, समारंभाचा एक हॉल. दुकान नाही. पाव विकणारी गाडी आठवड्यातून तीनदा हॉर्न वाजवत येते. गावाचं नाव देत नाही, माणसांचीही नाही. १८० डोक्यांत कोण कोण ते लगेच ओळखू येतं.

व्हिसाचा भाग चटकन सांगते, कारण तो सरळ झाला. नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहायचं तर दीर्घ मुदतीचा 'अभ्यागत' व्हिसा लागतो. निघण्याआधी तीन महिन्यांच्या आतच अर्ज करता येतो. राहण्याची सोय, पेन्शनचे आणि ठेवींचे कागद, पूर्ण वर्षाचा आरोग्यविमा, आणि फ्रान्समध्ये काम करणार नाही अशी सहीची हमी. पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत तो व्हिसा ऑनलाइन नोंदवून वैध करायचा. त्यासाठी तेव्हा माणशी २०० युरोचा कर भरावा लागला. २ ऑक्टोबरला दोघं उतरली, त्याच आठवड्यात मी नोंद केली. पत्त्याच्या रकान्यात भाडेकरारावर होतं तेच टाकलं: 'ल बूर', म्हणजे नुसतं 'गावठाण', पुढे पिनकोड आणि गावाचं नाव. रस्ता नाही, नंबर नाही. छोट्या गावांत पिढ्यान् पिढ्या असंच चालत आलेलं. टपाल वाटणाऱ्या बाईला घरं पाठ.

गावालाही ते घर पाठ होतं, पण 'आत्याबाईंचं घर' म्हणून. आत्याबाई जाऊन चार वर्षं झालेली. पहिले तीन आठवडे मावशी-काका म्हणजे आत्याबाईंच्या घरातले कोणीतरी. लोक वाईट वागत नव्हते. बोंजूर म्हणायचे, हसायचे, पुढे जायचे. मावशीला हे फार लागायचं. काकांना पत्ताच नव्हता, ते शेगडीच्या धुराड्यात डोकं घालून बसलेले.

मावशीचं गावात पहिलं पाऊल पडलं ते ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, आणि त्याला कारण केशर. लॉतमध्ये केशर होतं हे मलाही माहीत नव्हतं. मध्ययुगात इथे त्याची शेती होती, मग ती बुडाली, आणि गेल्या शतकाच्या अखेरीस काही शेतकऱ्यांनी पुन्हा कंद लावले. काजार्कला ऑक्टोबरात केशराचा उत्सवही भरतो. शेजारच्या आजी, वय ७८, घरामागच्या तुकड्यात केशर लावतात. मावशी सकाळी कचरा टाकायला निघाली तेव्हा आजी वाकून जांभळी फुलं खुडत होत्या. पाठीवर हात ठेवून दर दोन मिनिटांनी उभ्या राहत होत्या. मावशी कचऱ्याची पिशवी तिथेच ठेवून आत शिरली. विचारलं नाही, शेजारच्या ओळीत वाकली.

फूल सकाळी खुडायचं आणि त्याच दिवशी सोलायचं; दुसऱ्या दिवशी ते लिबलिबीत होऊन हाताला चिकटतं. प्रत्येक फुलात तीन लाल तंतू, खाली एका पिवळ्या देठाला जोडलेले. लाल संपून पिवळं सुरू होतं तिथे नखाने तोडायचं. वर तोडलं तर तंतू सुटे होतात, खाली तोडलं तर पिवळा भाग येतो आणि माल हलका ठरतो. असल्या दीडशेएक फुलांमागे एक ग्रॅम सुकं केशर. दुपारी आजींच्या स्वयंपाकघरातल्या लांब टेबलाभोवती पाच बायका बसल्या. कोकणातल्या माहेरी सुट्टीभर वालाच्या डाळिंब्या सोललेल्या माझ्या मावशीला यात शिकवायला काही उरलं नव्हतं. बोलण्याचीही गरज नव्हती. अशा कामात बोलणं तुटक आणि मध्येच असतं, व्याकरण चुकलं तरी हात थांबत नाहीत. संध्याकाळपर्यंत कोणाचा नवरा कसा गेला, कोणाचा मुलगा बोर्दोहून फोन करत नाही, एवढं सगळं तिला कळलं. वर्गात शिकलेल्या फ्रेंचपेक्षा हे फ्रेंच तिला जास्त समजत होतं, असं तिचं म्हणणं.

मजुरी म्हणून आजींनी अर्धा ग्रॅम केशर दिलं. मावशीने फ्रोमाज ब्लाँ, म्हणजे तिकडचं मऊ ताजं चीज, रात्रभर पंच्यात टांगलं, सकाळी साखर घालून फेटलं आणि त्यात ते केशर खलून टाकलं. चक्का नव्हता, पण श्रीखंड झालं. दोन वाट्या आजींकडे गेल्या, तिथून गावभर. आजी तेव्हा मावशीला तुम्हीच म्हणायच्या, शेवटपर्यंत तुम्हीच म्हणत राहिल्या. तिकडे तू आणि तुम्ही आपल्यासारखंच चालतं, त्यामुळे मावशीला ते परकं वाटलं नाही. साठ वर्षांची मैत्री झाली तरी आपल्याकडेही काही बायका अहो-जाहोच करतात.

काकांची ओळख झाली ती भांडणातून. त्यांनी नोव्हेंबरात पाच स्तेर ओकची लाकडं मागवली. स्तेर म्हणजे लाकडाचं जुनं माप: मीटरभर लांबीचे ओंडके नीट रचले तर एक घनमीटर. कायद्याने ते १९७०च्या दशकातच बाद झालं, पण लाकूडवाला, गिऱ्हाईक आणि गाव अजून त्याशिवाय बोलत नाही. आपल्याकडे वाळू ब्रासने विकतात तसंच. काकांची शेगडी लहान, म्हणून ओंडके ३३ सेंटिमीटरचे कापून हवे होते. ट्रॅक्टरने ढीग अंगणात ओतला. काकांनी दोन दिवस खपून तो भिंतीला लावून रचला, टेप काढली: २.२ मीटर लांब, १ मीटर खोल, १.६ मीटर उंच. साडेतीन घनमीटर. पाच सांगून साडेतीन!

आयुष्यभर ठेकेदारांची बिलं कापलेला माणूस. वहीत हिशेब मांडून ते लाकूडवाल्याच्या गोठ्यात गेले, मावशी दुभाषी म्हणून मागे. लाकूडवाल्याने हिशेब शांतपणे वाचला. मग एक मीटरचे चार वाकडे ओंडके जमिनीवर लावले, मधल्या फटी काठीने दाखवल्या, आणि त्यातल्या एकाचे तीन तुकडे करून ते फटींत बसवून दाखवले. लांब लाकडात पोकळी जास्त, तुकड्यांत कमी. म्हणून पाच स्तेर ३३च्या मापात कापून रचले की साडेतीन घनमीटरच भरतात. लाकूड तेवढंच. तिकडे हा ०.७ चा गुणक शाळकरी पोरालाही माहीत असतो. काका लालेलाल झाले. मग त्यांनी लाकूडवाल्याची काठी घेतली आणि कालव्याच्या काठाला दगड लावतात त्या पिचिंगमध्ये पोकळी कशी वजा करतात ते जमिनीवर काढून दाखवलं. तासाभराने दोघं दारू पीत होते. काका पीत नाहीत. त्यांनी पेला हातात धरला होता, असं मावशीने नंतर स्पष्ट केलं.

एवढं झालं तरी कागदावर ती दोघं कुठेच नव्हती, आणि आता मूळ मुद्द्याकडे येते.

खातं कशाला हवं होतं, असं मला पुष्कळांनी विचारलं. भारतातल्या कार्डावर दर खरेदीला शुल्क जातं ते एक. दुसरं, खेड्यात अजून चेक चालतो. धुराडं साफ करणारा, गाडी दुरुस्त करणारा, गावजेवणाची वर्गणी, सगळ्यांना चेक किंवा रोख. धुराडं वर्षातून एकदा तरी साफ करून घ्यावंच लागतं आणि त्याचा दाखला घराच्या विम्याला लागतो, म्हणून ते टाळता येत नाही. तर खात्यासाठी बँक मागते तीन महिन्यांच्या आतला पत्त्याचा पुरावा. पुरावा म्हणजे विजेचं बिल. विजेचं बिल घरमालकाच्या नावावर. ते आपल्या नावावर करायचं तर पैसे वळते करायला बहुतेकदा खातं मागतात. फ्रान्समध्ये नव्याने आलेला प्रत्येक माणूस या चक्रात सापडतो, त्यातून बाहेर यायची वाटही ठरलेली आहे: घरमालकाने लिहून द्यायचं की हे माझ्या घरात राहतात, सोबत त्याच्या ओळखपत्राची प्रत आणि त्याच्या नावाचं बिल. आम्ही तेच दिलं होतं. पहिल्यांदा फाइल परत आली तेव्हा मला वाटलं एखादी सही राहिली. दुसऱ्यांदा 'अस्तित्वात नाही' आलं तेव्हा मी हादरले.

यानंतर मी जे केलं ते चूक होतं. मी शहरी रीतीने गेले: ई-मेल, हेल्पलाइन, तक्रारीचं पत्र. बँकेने नकार लेखी दिला तर मध्यवर्ती बँकेकडे, बाँक द फ्रान्सकडे, 'खात्याचा हक्क' मागता येतो आणि ती एखाद्या बँकेला खातं उघडायला लावते. त्याचेही कागद मी जमवू लागले. दोनेक आठवडे गेले. त्याच सुमारास, नाताळच्या आधीच्या शुक्रवारी, मावशी कचेरीत गेली होती ती कोरड्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या संपल्या म्हणून.

गावच्या कचेरीला तिकडे मेरी म्हणतात. आपल्या ग्रामपंचायतीसारखीच, फक्त फ्रान्समध्ये अशा जवळजवळ ३५,००० आहेत आणि त्यांतल्या पुष्कळांत कारभार एका सेक्रेटरी बाईवर चालतो. ही मंगळवारी दुपारी आणि शुक्रवारी सकाळी उघडी. बाकीचे दिवस त्याच बाई आणखी दोन गावांच्या कचेऱ्या सांभाळतात. मावशीने पिशव्या घेतल्या आणि निघता निघता, गप्पा म्हणून, बँकेचं सांगितलं. बाईंनी कपाळावर हात मारला.

झालं होतं असं. २१ फेब्रुवारी २०२२ च्या एका कायद्याने फ्रान्समधल्या प्रत्येक गावाला, कितीही छोटं असो, रस्त्यांना नावं आणि घरांना नंबर देणं सक्तीचं झालं. तोवर ही सक्ती २,००० वस्तीच्या वरच्या गावांनाच होती. छोट्या गावांना मुदत १ जून २०२४ पर्यंत. ॲम्ब्युलन्स आणि अग्निशमन दलाला घर सापडावं, फायबर इंटरनेटची जोडणी घरोघर देता यावी, ही कारणं. आमच्या गावच्या पंचांनी नावं त्या शरदातच ठरवली, बाईंनी ती राष्ट्रीय पत्तासूचीत भरली. पाट्या मात्र अजून यायच्या होत्या, घराघरांत पत्रं गेली नव्हती. म्हणजे बँकेच्या संगणकात 'ल बूर' मेलं होतं आणि गावात अजून जिवंत होतं. आमचे सगळे कागद मेलेल्या पत्त्यावर.

बाईंनी दहा मिनिटांत दाखला टाइप केला: पूर्वीचे 'ल बूर' येथील अमुक घर हेच आता '३४०, शमँ दू लाव्वार'. खाली गोल शिक्का. मावशीने तो मला फोटो काढून पाठवला, सोबत पिवळ्या पिशव्यांचाही. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात खातं उघडलं. माझी हेल्पलाइनवरची तक्रार अजूनही 'विचाराधीन' असेल.

शमँ म्हणजे वाट, लाव्वार म्हणजे धुणं धुवायचं सार्वजनिक कुंड. या पठारावर पाऊस पडतो तो चुनखडीतून थेट खाली जातो, ओढे नाहीत, त्यामुळे जिथे पाणी ठरतं ती जागा मोलाची. इथल्या कुंडांच्या काठच्या शिळा दोन्ही बाजूंनी तिरक्या लावलेल्या असतात, फुलपाखराच्या पंखांसारख्या, म्हणून त्यांना फुलपाखरी कुंडं म्हणतात. बायका समोरासमोर उभ्या राहून धूत असणार. काकांनी त्या कुंडाचा नकाशा काढून ठेवलाय, आवक-जावकीसह. पण त्यांना खरी भुरळ घातली ती नंबराने. एवढ्याशा वाटेवर ३४० घरं कुठून आली, हे त्यांना कळेना. सेक्रेटरी बाईंनी सांगितलं: नंबर म्हणजे अंतर. रस्त्याच्या तोंडापासून घराचं दार ३४० मीटरवर. सम आकडे उजवीकडे, विषम डावीकडे. मध्ये उद्या नवं घर उठलं तरी त्याचा नंबर आपोआप ठरलेला. आयुष्यभर कालव्याच्या साखळी क्रमांकांवर, म्हणजे तोंडापासूनच्या अंतराच्या आकड्यांवर, काम केलेल्या माणसाला याहून सुंदर पत्ता मिळणं शक्य नव्हतं. त्याच संध्याकाळी ते टेप घेऊन गेले. त्यांना ३४३ आले. त्यांनी ते कचेरीत जाऊन सांगितलं नाही, ही मोठीच गोष्ट.

शेजारच्या आजींना ३२६ आला. त्यांना तो मुळीच पटला नाही. पन्नास वर्षं या घरात आहे, म्हणाल्या, ज्याला माझ्याकडे यायचंय त्याला मी कुठे आहे ते माहीत आहे. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हेच मत होतं आणि मला ते अगदीच चुकीचं वाटत नाही. पण फेब्रुवारीत रात्री काकांच्या छातीत दुखलं (निघालं पित्त) तेव्हा १५ या ॲम्ब्युलन्सच्या नंबरवर फोन करून मावशीने सांगितलं ते '३४०, शमँ दू लाव्वार', आणि गाडी सरळ दारात आली.

खात्यानंतर एक ठेच उरली होती. कार्डाचा गुप्त आकडा टपालाने येतो. तो आलाच नाही. चौकशी केली तर पाकीट 'या पत्त्यावर अशी व्यक्ती नाही' असा शेरा मारून परत गेलेलं. पाकिटावर मावशीचं माहेरचं आडनाव होतं. फ्रान्समध्ये १७९४ पासूनचा नियम आहे की माणसाचं खरं नाव ते जन्मनोंदीत असेल ते; लग्नानंतरचं नाव बाई वापरू शकते, पण ते फक्त वापरायचं नाव. व्हिसाच्या अर्जात जन्माच्या आडनावाचा रकाना होता, मावशीने तो इमानाने भरला होता, आणि तिथून ते बँकेत पोचलं. टपालपेटीवर मात्र काकांचंच आडनाव. नेहमीची टपालवाली असती तर तिने पाकीट टाकलं असतं. त्या आठवड्यात बदली माणूस होता, त्याने नियम पाळला.

त्या रविवारी मी तिथे होते. काका पेटीवर नवी चिठ्ठी चिकटवायला बसले, मावशीला म्हणाले, "सांग, स्पेलिंग काय?" मावशीने त्यांच्या हातून पेन घेतलं. "अहो, राहू द्या. माझं मी लिहिते." लग्नाला एकेचाळीस वर्षं झालेली. आडनाव लिहून तिने चिठ्ठी जरा लांब धरली, मग त्याच्या वर पुन्हा पेन फिरवून अक्षर ठळक केलं.

बाकीचं थोडक्यात. गाडीशिवाय तिथे जगता येत नाही. मागणीनुसार चालणारी सरकारी मिनीबस आहे, आदल्या दिवशी फोन करायचा, पण ती तुमच्या वेळेला येत नाही. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आपला परवाना पहिलं वर्ष चालतो, फ्रेंच भाषांतर सोबत हवं. तरी काकांनी उजव्या बाजूने गाडी हाकायची धास्ती घेतली आणि फिझाकच्या एका गॅरेजातून परवाना न लागणारी छोटी गाडी महिन्याच्या भाड्याने आणली. १९८८ पूर्वी जन्मलेल्यांना ती कुठल्याही परवान्याशिवाय चालवता येते, वेग ४५च्या वर जात नाही. काजार्कच्या घाटात त्यांना एकदा ट्रॅक्टरने मागे टाकलं. गावांतल्या चौकांत उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं, मग तो गल्लीबोळातून का येईना. हे मात्र पाठ करून जा, पुण्यातली सवय तिथे महागात पडेल.

सप्टेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर शिकारीचा मुख्य हंगाम असतो. रविवारी सकाळी रानात फिरायचं तर भडक नारिंगी काहीतरी अंगावर हवं. काकांनी आषाढीची भगवी टोपी काढली. शिकाऱ्यांनी त्यांना लांबूनच हात केला आणि पुढे वर्षभर ते त्यांना त्या टोपीनेच ओळखत.

औषधं तीन महिन्यांची नेली होती, चिठ्ठीवर कंपनीचं नव्हे तर मूळ औषधाचं नाव लिहून घेतलं होतं, ते कामी आलं. काजार्कला डॉक्टरची फी तेव्हा २६.५० युरो. करांचं आम्ही उशिरा पाहिलं, हे कबूल करते: कॅलेंडर वर्षात १८३ दिवसांपेक्षा जास्त राहिलं की तुम्ही फ्रान्सचे करदाते ठरू शकता, आणि २०२४ मध्ये दोघं जानेवारी ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सलग होती. पुढच्या वसंतात पुण्यातून विवरणपत्र भरावं लागलं. कोणाला असं राहायचं असेल तर निघण्याआधी सनदी लेखापालाकडे एक तास बसा. येण्याजाण्याच्या तारखा अडीच-तीन महिने अलीकडे ओढल्या तर हा व्याप कदाचित टळतो.

आणि जानेवारीची एक गंमत. खातं उघडलं त्याच दिवसांत मी तुलूझहून निघाले तर वाटेतल्या गावांच्या पाट्या उलट्या टांगलेल्या, अक्षरं खाली डोकं वर पाय. शेतकऱ्यांचं आंदोलन होतं: धोरणं इतकी उफराटी की आम्ही डोक्यावर चालतोय, असं त्यांचं म्हणणं. तुलूझशेजारच्या तार्न जिल्ह्यात शरदात सुरू झालेली ही पद्धत तोवर देशभर पसरली होती. आमच्या गावाची पाटीही उलटी. काका म्हणाले, "बघ, पत्ता मिळाला तर गाव उलटं झालं."

निळी पाटी एप्रिलमध्ये आली. ३४०, पांढरे आकडे. काकांनी ती स्वतः बसवली, लेव्हल लावून. आजींनी आपली ३२६ची पाटी महिनाभर स्वयंपाकघरात चहाच्या डब्याखाली ठेवली होती. शेवटी ती काकांनीच बसवली. दोन दारांत चौदा मीटर, तेही त्यांनी मोजले. बरोबर चौदा निघाले.

सप्टेंबरात निघताना आजींनी कबूल केलं की या वर्षीचं केशर सुकलं की थोडं पुण्याला पाठवीन. टेबलावर कागद-पेन घेऊन बसल्या, चष्मा लावला आणि पत्ता विचारला. मावशी सांगू लागली: फ्लॅट नंबर, विंग, इमारतीचं नाव, सोसायटी, दत्तमंदिराच्या मागे, बँकेसमोर, मग रस्ता, कोथरूड, पुणे, पिनकोड. आजींनी 'मंदिराच्या मागे'पर्यंत लिहिलं आणि पेन थांबवलं.

"मागे म्हणजे किती मीटर?"

मावशीने काकांकडे पाहिलं. काका गप्प. पंचवीस वर्षं त्या घरात राहिलेल्या माणसाला ते सांगता येईना. आजींनी चष्म्यावरून एकदा बघितलं, आणि जागा सोडून पुढचं लिहिलं.

पुण्याला पोचल्याच्या चौथ्या दिवशी पहाटे मला काकांचा मेसेज आला. मंदिराच्या शेवटच्या पायरीपासून आमच्या फाटकापर्यंत ११८ मीटर, उजवी बाजू. तिला कळव.